माणशी नको, आगटीमागं

यंदा आत्याचा फोन जरा लवकरच आला. फोनवर रामराम, कशी आहेस वगैरे भानगडीत ती पडत नाही. "दाणा दुधात हाय. आट-धा दिसांत हुरडा पडतोय बग. आदी तू येऊन जा, मग दुनिया येऊ दे," एवढं बोलून तिनं ठेवूनही दिला. जास्त बोललं की जास्त पैसे पडतात, हे तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. समोर चहा निवत होता. घरात ना चूल ना शेगडी, तरी नाकात धूर शिरला. गोवऱ्यांचा तो गोडसर धूर, केसांत बसला की दोन आंघोळ्यांनी जात नाही आणि जाऊ नये असंच वाटतं. माझं हे दरवर्षी होतं. थंडी पडली की लोक स्वेटर शोधतात, मी धूर शोधते.

हुरड्याचे दिवस तसे थोडे. ज्वारीच्या आयुष्यात एक आठवडा असा येतो, की दाण्यातलं दूध आटलेलं असतं आणि पीठ अजून धरलेलं नसतं. लग्न ठरलंय पण झालं नाही अशा मुलीसारखी ज्वारी तेव्हा उगाचच खूश दिसते. सकाळी रानात शिरलं की पानांवरच्या दहिवरानं साडी गुडघ्यापर्यंत भिजते, पाखरं कणसांवर तुटून पडलेली असतात आणि काळ्या मातीला भेगा पडायला सुरुवात झालेली असते. अशा वेळी रानात हातभर रुंदीचा खड्डा खणायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि धग बसली की इंगळात हिरवी कणसं खुपसायची. हा खड्डा म्हणजे आगटी. आगटीभोवती माणसं मांडी घालून बसतात. एकजण भाजलेलं कणीस तळहातावर चोळतो, भुसकट फुंकून उडवतो आणि गरम हिरवे दाणे शेजारच्याच्या हातावर ओततो. स्वतः चोळून स्वतःच खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चोळतो एक, खातो दुसरा, आणि तिसरा नुसताच "अजून आना की" म्हणून ओरडत असतो.

बरोबर शेंगाची चटणी, गूळ, दह्याची वाटी, झालंच तर बोरं. खाऊन उठलं की सगळ्यांची तोंडं काळी आणि सगळ्यांचे स्वभाव गोड झालेले असतात. वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या जावा मी आगटीभोवती बोलताना पाहिल्या आहेत. भाजलेल्या दाण्यात काय असतं कोण जाणे, पण रुसून बसून हुरडा खाता येत नाही एवढं खरं.

दोन वर्षांपूर्वीचा हंगाम मात्र मी हुरडा खाण्यापेक्षा हुरड्यावर पोट कसं भरावं या विवंचनेत जास्त घालवला. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा रडू यायचं, आणि तेही धुरानं आलंय असं सांगायची सोय होती.

झालं होतं असं. माझी मैत्रीण लावण्या आणि मी मिळून मोबाइलसाठी एक ॲप तयार केलं होतं. लावण्या सोलापूरच्या पूर्व भागातली, वडिलांचे टॉवेलचे माग आणि दुकान. घरी तेलुगू, दारी मराठी आणि भांडताना दोन्ही. आदल्या वर्षी तिच्या घरची सगळी फौज कुणाच्या तरी सांगण्यावरून हुरड्याला म्हणून एका गावी गेली, तर तिथला दाणा केव्हाच निबर झालेला. तिच्या काकांची कवळी हलली. परत येताना टेम्पोत सगळे उपाशी आणि सगळे एकमेकांवर उखडलेले. दुसऱ्या दिवशी लावण्या माझ्याकडं येऊन म्हणाली, "सुजाता, हुरडा कुठं आहे हे कळलं पाहिजे गं. आज कुठं आहे. कालचं कळून काय उपयोग?"

त्यातून 'हुरडा कुठं' जन्माला आलं. नावसुद्धा तिच्याच तोंडून पडलेलं. शेतकऱ्यानं आपला दाणा तयार झाला की एक बटण दाबायचं. सोलापुरातल्या माणसाला फोनवर नकाशात हिरवा ठिपका दिसायचा: वैरागला आज आहे, होटगीकडं परवा होईल, बार्शीच्या वाटेवर संपत आला. त्यानं येतो म्हणून कळवायचं, शेतकऱ्यानं या म्हणायचं. बस. पहिलं रान आत्याचं. ती वैरागजवळ शेती करते, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिचा मुलगा सतीश पुण्याला नोकरीला, त्यामुळं गडीमाणसं हाताशी धरून सगळं रान तीच बघते. तिनं आसपासच्या दहा-पंधरा जणांना "घ्या की, माज्या भाचीचं हाय" म्हणून दमदाटी केली आणि बघता बघता नकाशा हिरवा झाला.

लोकांना ॲप फार आवडलं. फुकट होतं ना. फुकट आहे तोवर सोलापूरकर तुम्हाला डोक्यावर घेतात. एक रुपया मागा, मग बघा, डोक्यावरून किती चटकन खाली ठेवतात ते.

आणि मला तर रुपया मागणं भाग होतं. मी पुण्याच्या एका कंपनीत होते, पण काम सोलापुरात घरी बसून करत होते. त्या वर्षी कंपनीनं गोड इंग्रजीत कळवलं, की संक्रांत झाली की ऑफिसात येऊन बसा, नाही तर आपले रस्ते वेगळे. माझा नवरा अविनाश इथल्या कॉलेजात शिकवतो. कितीतरी वर्षं तासिकेवर काढून नुकताच कायम झालेला. तो हलू शकत नव्हता. म्हणजे मी पुण्यात एका खोलीत, तो इथं, आणि संसार शनिवार-रविवारचा. शनिवारची गाडी उशिरा आली तर फक्त रविवारचा. मला ते नको होतं. मला सोलापूर आवडतं, इथलं ऊन, इथली कोरडी थंडी, इथली मोठ्यांदा बोलणारी माणसं आवडतात, आणि माझा नवराही आवडतो. हे लग्नाला आठ वर्षं झाल्यावर सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

तेव्हा प्रश्न सरळ होता. संक्रांतीपर्यंत 'हुरडा कुठं'नं माझं पोट भरायचं, नाही तर मी बॅग भरायची.

पैसे कशाचे घ्यायचे, यावर आमच्या स्वयंपाकघरात बैठका झडायला लागल्या. लावण्या, अविनाश आणि मी. मध्ये कडक भाकरीचा ढीग आणि चटणीची बरणी. कडक भाकरी मोडण्याच्या आवाजात गंभीर चर्चा होत नाही हा मोठा फायदा. कुणी मुद्दा मांडला की बाकीचे दोघं कडाकडा मोडून त्याचं मत खाऊन टाकायचे.

"ॲप विकतच द्यायचं," अविनाश म्हणाला. "एकदा पैसे भरा, कायमचं वापरा."

"सोलापुरात?" लावण्या म्हणाली. "आमच्या दुकानात लोक टॉवेल घेताना टॉवेलनं तोंड पुसून बघतात आणि मग म्हणतात, राहू द्या, वापरलेला आहे."

मग महिन्याचं शुल्क ठेवावं असं निघालं. ते मी आत्याला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "म्हैन्याला? आन वैशाकात काय बगायचं गं त्यात? धसकटं?" खरंच होतं. आमचा धंदा दोन महिन्यांचा. उरलेलं वर्षभर नकाशावर नुसती काळी माती.

म्हणून आम्ही जाहिराती घेतल्या. जगभर सगळे तेच करतात म्हणे. आपण काही मागायचं नाही, ॲप उघडलं की वर एक चौकोन हलत राहतो आणि आपल्याला पैसे मिळत राहतात. चार दिवस मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी आत्याचा फोन आला.

"सुजे, तुज्या यंत्रात कोन बाई बसवलीस गं?"

"कुठली बाई?"

"तीच की. हात राकंनं भरल्यालं, कनसं आगटीत, पाव्हनं वाट चुकल्यालं. त्यास्नी वाट सांगावी म्हनून फोन उगडला तर ही बाई आडवी. म्हनती, दोन मिंटात कर्ज घ्या. मी कोपरानं दाबलं तर जास्तच मोटी झाली. नाकानं दाबलं तवा गेली. पुन्ना आली, आन म्हनती वजन कमी करा. मी म्हनलं, बये, तूच ये हितं, हुरडा खा, लई वाळलीस."

पाहुणे तोवर पुढच्या गावाला पोचले होते. जाहिराती मी त्याच संध्याकाळी काढल्या. ती कर्जवाली बाई मात्र आमच्या घरात राहिली. अविनाशनं उशिरा उठून चहा मागितला की मी तिच्या आवाजात "दोन मिंटात घ्या" म्हणते.

आता या सगळ्याकडं बघताना वाटतं, पैसे कसे कमवावेत हे ठरवणं म्हणजे आपलं आणि लोकांचं नातं काय आहे ते ठरवणं. विकतचं ॲप म्हणजे दुकानदार-गिऱ्हाईक. जाहिरात म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला तिसऱ्याच माणसाच्या हवाली करणं. हे तेव्हा इतकं स्वच्छ दिसत नव्हतं. तेव्हा दिसत होती फक्त जवळ येणारी संक्रांत. बाजारात तीळ आले, गाड्यांवर उसाचे तुकडे आले, बायका हळदीकुंकवाला काय लुटायचं याची खलबतं करायला लागल्या, आणि प्रत्येक गोष्ट मला पुण्याच्या दिशेला थोडी ढकलत होती. अविनाश तोंडानं "होईल गं काहीतरी" म्हणायचा आणि माझी जुनी सुटकेस माळ्यावरून काढायची का, हे विचारायचं टाळायचा.

शेवटी आम्ही सगळ्यांत शहाणा मार्ग निवडला. शहराजवळ एक हॉटेलवाला हुरडा पार्टी करायचा. गेटवर माणशी पैसे, मनगटाला कागदी पट्टी, पट्टी असेल त्याला हुरडा. आम्ही तिघं जाऊन बघून आलो. हिशेब स्वच्छ होता. आम्हीही ठरवलं, ॲपवरून आलेल्या दर माणसामागं शेतकऱ्यानं आम्हाला थोडं कमिशन द्यायचं, तेही हंगाम संपल्यावर, त्याच्या हातात पैसा आला की. शेतकऱ्यांनी आनंदानं व्हय म्हटलं. लावण्यानं ॲपमध्ये एक सुबक रकाना केला: 'आज किती माणसं आली?' त्यात आकडा भरायचा. मी त्या आठवड्यात शांत झोपले.

रविवार सरला आणि आकडे यायला लागले. अकरा. एकवीस. अकरा. एकावन्न. एक. पुन्हा अकरा. होटगीच्या एका रानात सकाळपासून गाड्यांची रांग लागलेली लावण्यानं डोळ्यांनी पाहिली होती. तिथून आकडा आला एक. आणि बार्शीकडच्या एका छोट्या तुकड्यात, जिथं उभं राहायला जागा नाही, तिथून एकशे एक.

अविनाशनं आकडे खालून वर पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाला, "हा हिशेब नाही सुजाता. हा आहेर आहे."

हसायला यायच्या ऐवजी मला फार लागलं. कमिशन चुकवायला लोक खोटे आकडे भरतायत असंच आम्हाला वाटलं. एकशे एकवाला कमिशन चुकवत कसा असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत्यानंही अकराच भरले होते, याचं मला सगळ्यांत जास्त दुःख झालं. निदान आपल्या माणसानं तरी असं करू नये. लावण्याला घेऊन मी पुढच्या रविवारी तडक वैराग गाठलं, भांडायचं म्हणूनच.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं. बांधावरच्या बोरीखाली बोरांचा सडा. धुराचे तीन झोत सरळ वर चाललेले, वारा अजिबात नाही. आत्या कासोटा घालून तीन आगट्यांमध्ये सेनापतीसारखी फिरत होती. सोलापूरचं एक कुटुंब आलं होतं. आम्ही आठजण येतो असं त्यांनी ॲपवर कळवलेलं, आणि आले होते ते मावशी, मावशीचे व्याही, व्याह्यांचे शेजारी अशी सगळी वरात घेऊन. त्या घरचा कर्ता बिचारा हात जोडून म्हणत होता, "जरा जास्तच झालो आम्ही."

"जास्त कशाचं आलंय? सरका रं, वाईच जागा द्या," आत्या म्हणाली, आणि खरंच, आगटीभोवतीचं रिंगण नुसतं सैल झालं आणि सगळे मावले.

मी बाजूला उभी राहून पुरावा म्हणून माणसं मोजायला लागले. बोट पुढं करून. मावशीपर्यंत आले असेन, तेवढ्यात आत्यानं काळ्या हातानं माझ्या बोटावर फटका मारला.

"ए! खानारी तोंडं मोजतीस व्हय?"

"अगं आत्या, हिशेबाला लागतात."

"हिशोबाला दगडं मोज, ढेकळं मोज. जेवायला बसल्यालं मानूस मोजत्यात का कुटं? बरकत जाती रानाची."

"मग तू अकरा कशाला लिहिलंस? त्या दिवशी काय अकराच माणसं होती?"

"तुजं यंत्र फुडं जाईना की! किती, किती, किती, सारकं इचारतंय. काय तरी लिवावं तर लागतंय. सुन्नं लिवलं तर अशुब. म्हनून अकरा लिवलं. चांगला आकडा हाय की."

लावण्या तिथल्या तिथं ढेकळावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. तिला हसताना बघून पाहुणे हसले, का ते न कळता. मी हसले ते सगळ्यात शेवटी. कुणीच फसवलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या रानाची बरकत सांभाळून, आमचं मन मोडू नये म्हणून, शुभ बघून आकडा टाकला होता. आम्ही पंगतीत फिरून ताटं मोजायला लावणारं ॲप बनवलं होतं, आणि तरी त्या भल्या माणसांनी आम्हाला आहेर केला होता.

आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आमच्या घरी बुट्टीतल्या भाकरी मोजलेल्या आईला कधी चालल्या नाहीत. "किती उरल्यात?" असं कुणी विचारलं की ती "आहेत" एवढंच सांगायची. आम्ही भावंडं जेवताना एकमेकांच्या भाकरी मोजायला लागलो की पाठीत धपाटा बसायचा. तो धपाटा विसरून मी पुण्याच्या कंपनीत दहा वर्षं सगळ्या जगाला मोजायला शिकले होते. रानात उभी राहून मला आईची एवढी आठवण आली, की मी चटकन वाकून एक कणीस चोळायला घेतलं.

हसू ओसरल्यावर लावण्यानं विचारलं, "पण आत्या, माणसं मोजत नाही तर तुम्ही पाहुण्यांकडून पैसे घेता कसे?"

"आगटीवर की," आत्या म्हणाली. "येक आगटी लावली, येका आगटीचं. तीन लावल्या, तीन आगट्यांचं. मग भवतीनं धा बसा न्हायतर पंदरा बसा. फोन आला की मी आदी काय इचारती? किती आगट्या लावू?"

ती तसं विचारते हे मी लहानपणापासून ऐकत होते. त्या आगटीचे पैसे असतात हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी कधी दिलेच नव्हते. भाची म्हणून यायचं, पोटभर खायचं, येताना पिशवी भरून आणायची. इतक्या वर्षांत एकदा जरी गिऱ्हाईक म्हणून आले असते तर धंदा पहिल्याच दिवशी कळला असता.

लावण्यानं तिथंच बोरीखाली लॅपटॉप उघडला. डोक्यावर ओढणी, मांडीवर लॅपटॉप, एका हातानं बोरं खात तिनं तो रकाना पुसला आणि नवा लिहिला: 'आज किती आगट्या?' आम्हाला द्यायचे ते पैसे आगटीमागं, हंगामाच्या शेवटी. माणशी काही नाही. तिचे वडील मागावरच्या कामाचे पैसे टॉवेलाच्या डझनावर देतात, किती धागे विणले ते कुणी विचारत नाही. तरी आपल्याला हे सुचलं नाही म्हणून ती स्वतःलाच तेलुगूतून काहीतरी बोलली. चांगलं नसावं.

त्यानंतरचे दिवस नुसते गमतीत गेले. आकडे सुधारले. तीन, दोन, पाच, चार. आगट्या मोजायला कुणाची ना नव्हती, कारण त्या तर खणाव्याच लागतात, गोवऱ्या त्या हिशेबानंच रचाव्या लागतात. बार्शीकडच्या त्या एकशे एकवाल्याचा मात्र फोन आला. त्याच्याकडं फक्त एक म्हातारं जोडपं आलं होतं. दोघांना कितीशी धग लागणार? त्यानं लहानसा खड्डा केला होता आणि आता तो अडून बसला होता.

"ताई, आर्दी आगटी लिवता येती का? तुमचं यंत्र आर्दं घेईना."

"एक लिहा की दादा, काय फरक पडतो?"

"न्हाय ओ. पुरी नव्हती. आर्दीच हुती."

लावण्यानं त्याच्या एकट्यासाठी ॲपमध्ये अर्ध्याची सोय केली. आमच्या आयुष्यातलं सगळ्यांत लाडकं बटण ते. ज्या माणसाला आम्ही लबाड ठरवून बसलो होतो, तो अर्ध्या खड्ड्यासाठी आम्हाला फोन करत होता. मी हे अविनाशला सांगितलं, आणि त्यानं नेमकी तीच वेळ साधून विचारलं, "मग सुटकेस काढायची नाही ना?" मी म्हटलं, अजून माहीत नाही.

खरंच माहीत नव्हतं. संक्रांत आली. तिळगूळ झाला, काळ्या साड्या कपाटात परत गेल्या. कंपनीनं दिलेला सोमवार तोंडावर आला. शनिवारी आम्ही सगळ्या शेतकऱ्यांना आगट्यांप्रमाणे रकमेचे मेसेज पाठवले आणि रविवार दुपारपर्यंत बहुतेकांचे पैसे जमासुद्धा झाले. माझ्या पगाराएवढे ते होणारच नव्हते. पण लहानसहान कामं घेऊन वर्ष निभावेल, पुढच्या हंगामापर्यंत तग धरता येईल, एवढे होते. म्हणजे राहता येत होतं, फक्त छाती पाहिजे होती. आणि ऐन वेळी माझ्या छातीत ती सापडेना. चांगली नोकरी, ठरलेला पगार, वर्षानुवर्षांची सवय. दोन महिन्यांच्या धुरावर हे सगळं सोडायचं?

रविवारी तिसऱ्या प्रहरी आम्ही वैरागला गेलो, मी आणि अविनाश. हंगामाचा निरोप घ्यायला जावं म्हणून. दाणा आता निबर झाला होता, दाताखाली टणकपणा लागत होता. कणसं पिवळट पडली होती. आत्या फावड्यानं आगट्या बुजवत होती. मला बघून तिनं फावडं टाकलं आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "मला मेसेज का न्हाय आला?"

"कसला?"

"पैशाचा. शेजारच्या रानात आला, पल्याडच्या वस्तीवर आला. मला न्हाय आला. माज्या आगट्या पेटल्या न्हाईत व्हय?"

"आत्या, तू घरची. तुझ्याकडून काय घ्यायचं? मेसेज पाठवताना तुझं नाव मी काढूनच टाकलं."

मला वाटलं, ती खूश होईल. ती खाली बांधावर बसली. हातातली माती झटकली. अविनाश उगाच बोरी न्याहाळायला लागला.

"सत्या पुन्याला गेला," ती म्हणाली, "तवा समद्यांनी लई माया केली त्याच्यावर. जाऊ नको म्हनलं. डोळं पुसलं. डबं बांदून दिलं. पर हितं त्यानं दुकान टाकलं हुतं की गं, मोटारी दुरुस्तीचं. पंपाच्या मोटारी. समदी घरचीच गिऱ्हाइकं. काका, मामा, शेजारी. घरचंच पोर हाय, पैसं काय पळून जात्यात व्हय, म्हनून कुनी दिलं न्हाईत. मीबी न्हाय दिलं. माजी जळाल्याली मोटार त्यानं चारदा नवी तार घालून भरली. माया समद्यांनी केली, पैसं कुनी दिलं न्हाईत. मग ऱ्हायलं का पोरगं?"

मी तिच्या शेजारी बांधावर बसले.

"तू हितं ऱ्हावंस आसं मला वाटतंय," ती म्हणाली. "मग मीच तुला फुकट राबवू? किती झालं ते सांग."

मी सांगितलं. आत्यानं पदराला अंगठा पुसला, फोनला लावला. फोनला तिचा अंगठा ओळखू येईना, इतकी राख मुरली होती. तिनं थुंकी लावून पुन्हा पुसला, पुन्हा लावला. माझ्या हातातला फोन वाजला.

"आलं का?"

"आलं."

"मग आता सांग तुज्या पुन्याला. न्हाय येत म्हनावं."

अविनाशनं बोरीवरची नजर काढून माझ्याकडं वळवली. सोमवार उजाडायची मी वाट पाहिली नाही. तिथंच बांधावर, आत्याच्या शेजारी बसून कळवून टाकलं.